अक्षरामागे बारा आणे

हुसनोद्दीन पिंजारी अक्षरं मोजून पैसे घ्यायचा.
काना-मात्रा फुकट, जोडाक्षराला दीडपट.
धरणगावात जिनिंगच्या मागे ते जे लांबच लांब उभं आहे,
त्याच्या कपाळावर त्याने चार वेळा नाव लिहिलं.
शिडीखाली डबा धरून मी होतो,
त्यातल्या तीन वेळा.

पहिलं 'गोदाम'. ते मी पाहिलं नाही.
आत गठाणी, सरकीचा तेलकट वास,
आणि बोर्ड वाचायला कुणी येतच नसे,
बैलांना रस्ता पाठ.

कापूस गेला. भिंतींना चुना लागला,
टोकाला ओटा बांधला, झालं 'समाजमंदिर'.
'मं' काढण्याआधी त्याने ब्रश रॉकेलमध्ये दोनदा धुतला.
म्हणाला, नवा शब्द आहे, जुन्या रंगाने बाटायला नको.
आत भजनं झाली, नसबंदीचं शिबिर झालं,
फवारणीच्या पंपाचं प्रात्यक्षिक झालं
आणि तेराव्याच्या पंगती.

मग 'नगरपालिका सभागृह'.
'गृ'च्या पायाशी वळणारी ती शेपटी
त्याने तीनदा पुसली.
उद्घाटनाला खुर्च्या आधी आल्या, माणसं नंतर.
भिलाटीतल्या बायका आत आल्याच नाहीत,
दाराबाहेर चपलांपाशी बसल्या.
काल याच फरशीवर मांडी घालून जेवल्या होत्या.
इमारतीला उंबरा नव्हता.
शब्दाला होता.

'मंगल कार्यालय'च्या वेळी 'र्या'वरून भांडण.
मालक म्हणे, रफार वरचा वर आहे, तो कसला मोजतो?
हा म्हणे, मग खाली उतरवून दाखव.
पैसे मिळाले. वर वरणबट्टीचं जेवण.
पोरं तोवर नुसतं 'हॉल' म्हणू लागली होती.
दोन अक्षरं.
असल्या लोकांचं मला परवडत नाही,
हुसनोद्दीन म्हणायचा.

पाचव्यांदा मी लिहिलं. म्हणजे टाइप केलं.
'रॉयल हेरिटेज बँक्वेट अँड लॉन्स'.
लॉन नाही. मागे गाजरगवत आहे.
फ्लेक्सला चौरस फूट मोजतात,
अक्षरं कितीही घाला, कुणाला पडलीय.

यंदा वैशाखात वावटळीने तो फ्लेक्स
उभा फाडून थेट स्टेशनाकडे नेला.
खाली भिंतीवर सगळंच उघडं पडलं.
'मंगल'च्या पोटातून 'सभा' दिसत होती,
गृह कुठेच नव्हतं,
आणि एका कोपऱ्यात 'गोदा' शाबूत.
मालक म्हणाला, नवं काहीतरी सुचव, भारदस्त.

मी हुसनोद्दीनला रिक्षात घालून आणलं.
डोळ्यांत मोतीबिंदू. बोर्ड त्याने पाहिलाच नाही,
भिंत चाचपत आत गेला.
उद्याचं लग्न होतं, खुर्च्या अजून आल्या नव्हत्या.
मधोमध उभा राहिला आणि म्हणाला,
भरलेलं असताना काय म्हणायचं, ते सगळ्यांनी लिहून घेतलं.
असं रिकामं असतं तेव्हाचं नाव
कुणी मागितलंच नाही रे माझ्याकडे.

मग त्याने जीभ टाळूला लावून एक आवाज काढला,
बापाच्या धुनकीच्या तातीचा, तुंय्.
बाप इथेच बसायचा, गठाणींच्या फटीत, रात्रपाळीला.
वरच्या पत्र्याने तो आवाज घेतला,
जरा ठेवून घेतला,
मग परत दिला.

बाहेर एक बाई, डोक्यावर पापडांचं टोपलं.
चेतनानं लगीन कथा शे रे भाऊ?
आमचा रिक्षावाला मागे न बघता म्हणाला,
पत्रामा.
बाईने मान हलवली आणि बरोबर त्याच दारातून आत गेली.

हुसनोद्दीन बोटांवर मोजत होता.
साडेतीन, म्हणाला. 'त्रा' जोडाक्षर आहे.
आणि हे कुणी लिहून घेतलं?
कुणीच नाही, चाचा.
हां, म्हणाला,
आणि भाड्यावरून रिक्षावाल्याशी भांडायला लागला.